वायुभक्षी यंत्राचा जीर्णोद्धार

ज्याने उभ्या जन्मात सायकल आणि एक स्कूटर यांपलीकडे वाहन हाकले नाही, त्या निवृत्त शाळामास्तराने मोटारीच्या एंजिनावर लिहावयास बसावे हे पाहून कित्येक वाचकांस हसू येईल. आणि ते आले तर आमची काहीच तक्रार नाही. मॅट्रिकच्या पुढे आमचे शिक्षण गेले नाही. संस्कृत तेवढे तीर्थरूपांपाशी घरीच झाले, आणि पुढील छत्तीस वर्षे वाईच्या शाळेत मुलांचे शुद्धलेखन तपासण्यात गेली. यंत्रविद्येशी आमचा संबंध भिंतीवरच्या घड्याळास किल्ली देण्यापुरता. तथापि गेल्या चैत्रात आम्ही उभयता चिरंजीवाकडे अमेरिकेस गेलो, भाद्रपदात परतलो, आणि मधल्या पाच महिन्यांत त्याच्या गाडीखान्यात एका जुन्या एंजिनाची जी जुळणी पाहिली, तिने आमची स्वतःची एक जुनी चूक अशी लख्ख आमच्यापुढे उभी केली की, ती हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही.

चिरंजीव लॉस एंजेलिसच्या दक्षिणेस ऑरेंज परगण्यात राहतो. दिवसभर संगणकासमोर बसून संसार चालवितो. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीखान्यात पाऊल टाकले तो काय, कासवाच्या पाठीची एक निळसर मोटार ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली! तिचे मागचे झाकण उघडे, आत नुसती पोकळी. आणि शेजारच्या लांब मेजावर एंजिनाचे शेकडो तुकडे, प्रत्येकास दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. सौभाग्यवतींनी कपाळास हात लाविला. "अरे, एवढे भंगार कशाला जमविलेस?" आम्हांसही तोच प्रश्न पडला होता, केवळ पहिल्याच दिवशी मुलाचे मन मोडू नये म्हणून आम्ही गप्प राहिलो.

ती मोटार म्हणजे १९५६ सालची फोक्सवॅगन. पुढे साऱ्या जगाने जिला 'बीटल' अर्थात भुंगा म्हटले, तीच ही. तिची मागची काच अंड्याच्या आकाराची असल्यावरून जाणते लोक तिचा काळ ओळखतात; कारण ही काच १९५३ ते १९५७ एवढीच वर्षे बसविली जात असे. शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थाने १९५९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ती जुनी म्हणून विकत घेतली, आणि पुढे सारा जन्म तिला दारात ठेविले. त्या काळी या गाडीच्या एंजिनाची शक्ती वाढविणारा एक जर्मन संच मिळत असे. तो घ्यावा ही त्या तरुणाची फार इच्छा. परंतु लग्न झाले, मुले झाली, पैसा दुसऱ्या वाटांनी गेला. आणि इच्छा तशीच राहिली. एंजिन मेल्यावर त्याने गाडी चिरंजीवास दिली ती एका शब्दावर: "मी १९५९ साली जे एंजिन बसवू शकलो असतो, ते तू बसव. आज जे मिळते ते नको."

मागाहून आम्ही चिरंजीवास म्हटले, "अरे, आजच्या बाजारात याच्या चौपट बळाचे एंजिन मिळत असेल. ते बसवून म्हाताऱ्याला फिरवून आण. त्याला काय कळणार आहे?"

तो म्हणाला, "बाबा, त्यांना कळणार नाही असे धरले, तरी मला कळेल ना!"

या उत्तरावर आम्हांस बोलावयास जागा उरली नाही; कारण शाळेत नक्कल करणाऱ्या मुलांस आम्ही हेच वाक्य उलट बाजूने सांगत आलो होतो.

आता या एंजिनाची प्रकृती थोडी सांगितली पाहिजे, एरवी पुढील गोष्ट उमगावयाची नाही. सामान्य मोटारीत एंजिनाभोवती पाणी खेळविलेले असते आणि ते त्याची उष्णता वाहून नेते. फोक्सवॅगनच्या एंजिनास पाण्याचा थेंब लागत नाही. एक पंखा वारा ओढतो, पत्र्याच्या आवरणातून तो चार सिलिंडरांवर फेकतो, आणि सिलिंडरांच्या अंगावरील पातळ पातळ कंगोऱ्यांमधून उष्णता निघून जाते. पुराणांतील कित्येक तपस्वी केवळ वायू भक्षण करून राहत, तसे हे यंत्र. जर्मनीच्या हिवाळ्यात गरीब माणसाची गाडी उघड्यावर उभी राहावयाची. पाणी गोठून यंत्र फुटण्याचे भयच नको, म्हणून ही योजना. आमच्या वाचकांस हे अद्भुत वाटावयास नको. आकुर्डीच्या बजाज चेतकवर ज्यांनी निम्मे आयुष्य काढले, त्यांच्या स्कूटरचे एंजिनही पंख्याच्या वाऱ्यावरच जगत होते. इतकेच काय, या मोटारीत पेट्रोल किती उरले हे दाखविणारे घड्याळसुद्धा नाही. पेट्रोल संपत आले की पायापाशी असलेला चाप फिरवून राखीव साठ्यावर यावयाचे. ते पाहताच आमचा हात आपोआप चेतकच्या चावीकडे जावा तसा पुढे झाला, आणि त्या परक्या यंत्राशी आमचा पहिला सलोखा झाला.

या मोटारीचा जन्म मात्र शुभ मुहूर्तावर झालेला नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी ती आखली आणि त्यांचे सहकारी फ्रान्झ झेवर राइमश्पीस यांनी एंजिन रचले. परंतु कारखान्याची कोनशिला १९३८ साली हिटलरच्या हस्ते बसली आणि युद्धकाळात तेथे वेठीस धरलेल्या हजारो परदेशी लोकांकडून काम करवून घेतले गेले. १९४५ नंतर मेजर आयव्हन हर्स्ट नामक ब्रिटिश अधिकाऱ्याने तो मोडका कारखाना पुन्हा चालता केला, आणि मग ती मोटार जगभर पसरली. मेक्सिकोतील प्वेब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी शेवटची गाडी बाहेर पडली, तेव्हा एकूण संख्या २,१५,२९,४६४ झाली होती. आम्ही विचारले, "असल्या कुळातील वस्तूवर एवढे प्रेम?" चिरंजीव म्हणाला, "कुळ विसरायचे नाही, बाबा. पण वस्तूने पुढे काय केले तेही विसरायचे नाही." आम्हांस महाभारतातील कर्ण आठवला आणि आम्ही विषय सोडिला.

१९५६ सालच्या एंजिनाचे आकारमान ११९२ घनसेंटिमीटर आणि बळ ३० अश्वशक्ती. ताशी ११० किलोमीटर हा तिचा कमाल वेग. आणि मौज अशी की, त्याच वेगाने ती दिवसभर धावू शके. कारण तिच्या श्वासावरच बंधन होते. कार्ब्युरेटर एक आणि तोही लहान. एकेका बाजूस दोन दोन सिलिंडर, पण त्या दोघांस वारा आत घेण्याची वाट एकच. जणू दोन भावांनी एका नाकपुडीने श्वास घ्यावा. हवे तेवढे खाऊ दिले तर हे यंत्र अधिक धावेल आणि तापून लवकर मरेल, हे रचणाऱ्यांनी जाणले होते. दीर्घायुष्यासाठी अर्धपोटी ठेवावे, हा आपल्याकडील वडीलधाऱ्यांचाच न्याय.

जर्मनीतील गेरहार्ट ओटिंगर या यंत्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात या व्रतस्थास थोडे जेवू घातले. त्याचा संच 'ओक्रासा' या नावाने प्रसिद्ध झाला. त्याने सिलिंडरांची डोकी नवीन ओतली आणि प्रत्येक सिलिंडरास श्वासाची वाट स्वतंत्र दिली. एका लहान कार्ब्युरेटरच्या जागी सोलेक्स जातीचे, ३२ क्रमांकाचे दोन मोठे बसविले. असलेच त्या वेळच्या पोर्शे गाडीलाही असत. आणि त्याच्या मोठ्या संचात क्रँकशाफ्टही वेगळा होता. मूळच्या शाफ्टाने दट्ट्या ६४ मिलिमीटर सरके, याने ६९.५. सिलिंडरांची रुंदी ७७ मिलिमीटर तशीच ठेवून केवळ या साडेपाच मिलिमीटरांनी आकारमान १२९५ घनसेंटिमीटर झाले. हा गुणाकार आम्ही कागदावर करून पाहिला. उत्तर बरोबर आले, आणि फार दिवसांनी फळ्यापुढे उभे राहिल्यासारखे वाटले.

एके सायंकाळी आमच्या ध्यानात आले की, हा प्रकार आम्हांस अगदी ओळखीचा आहे. पाणिनीने सूत्र रचले. त्यात एक मात्रा अधिक नाही. मागून कात्यायन आला आणि त्याने वार्तिके लिहिली: सूत्रात काय सांगितले, काय राहिले, काय चुकीचे पडले याची चिकित्सा केली. परंतु चिकित्सा करूनही त्याने पाणिनीस बाजूस सारून नवे व्याकरण मांडले नाही. राइमश्पीसचे एंजिन हे सूत्र आणि ओटिंगरचा संच हे वार्तिक. आजचे चौपट बळाचे एंजिन आणून त्या पोकळीत कोंबणे म्हणजे सूत्राच्या पोथीच्या पुठ्ठ्यात भलतीच कादंबरी बांधून ठेवणे होय. हे सांगताच चिरंजीव हातातला पाना खाली ठेवून हसला. म्हणाला, "बाबा, आमच्यात याला 'त्या काळाशी इमानी' म्हणतात, पण तुमचे बरे आहे." आम्ही त्यास 'कालशुद्ध' हा शब्द दिला. तो गाडीखान्यात रूढ झाला आणि सूनबाईही वापरू लागली.

ही कालशुद्धी पाळणे हे वाटते तितके सोपे नव्हे. चिरंजीवाने दोन वर्षे नुसती सामग्री गोळा केली होती. आज या जुन्या डोक्यांच्या नव्याने ओतलेल्या प्रतिकृतीही मिळतात. त्याने खरी शोधली, आणि ती मिळाली तेव्हा त्यांतील एकास तडा होता. भिंतीवर त्याने जुन्या मासिकांतील छायाचित्रे, किंमतपत्रके आणि आकृत्या लाविल्या होत्या. एका चित्रात नळीचा बाक एक, दुसऱ्यात दुसरा. मग खरा कोणता? तो एकास एक ताडून पाही, कोणते चित्र कोणत्या वर्षीचे हे ठरवी, आणि मागाहून कोणी घुसडलेला भाग निवडून काढी. पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या शेकडो पोथ्या अशाच ताडून प्रक्षिप्त श्लोक वेगळे काढण्यात आले. तीर्थरूप त्या कामाविषयी फार आदराने बोलत असत. तीच पाठचिकित्सा इथे तेलकट हातांनी चाललेली पाहून आम्ही चकित झालो.

त्याच्या शुद्धीचे नियम मात्र आंधळे नव्हते. आजच्या तिकडच्या पेट्रोलात दहा टक्के मद्यार्क मिसळतात आणि तो जुन्या रबरास खातो; म्हणून पेट्रोलाच्या नळ्या आजच्या. खुर्च्यांना कमरपट्टे आजचे. ब्रेकच्या नळ्याही नव्या. "जेथे जिवाला धोका, तेथे काळाचे सोवळे नाही," असा त्याचा निवाडा. परंतु एका ठिकाणी तो अडून बसला. या एंजिनात तेल थंड करणारी जाळी पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेतच उभी आहे. त्यामुळे तिच्या आड असलेल्या तिसऱ्या सिलिंडरास वारा कमी मिळतो, आणि या जातीची एंजिने मरतात ती पुष्कळदा तिसऱ्या सिलिंडराची झडप जळून. कारखान्याने १९७० च्या सुमारास ही जाळी बाजूला हलवून दोष काढला. ती मागची सुधारणा बसविणे सहज शक्य होते. तो म्हणाला, "नको. १९५९ साली ती नव्हती. दोष आहे तर तो ओळखून चालवीन." त्याने त्या काळचेच तेलाची उष्णता दाखविणारे मापक बसविले आणि त्याच्यावर डोळा ठेवावयाचे ठरविले. सुधारणा व सावधगिरी यांतील हा भेद आम्हांस नवा होता.

आमच्याकडे काम आले ते तुकडे धुण्याचे. ब्रशाने जुने तेल खरवडावयाचे, वाऱ्याने भोके साफ करावयाची, चिठ्ठी पुन्हा बांधावयाची. एंजिनाची मुख्य पेटी मॅग्नेशियमच्या मिश्र धातूची. हातात घेतली तर इतकी हलकी की विश्वास बसू नये. ती उभी चिरलेल्या दोन अर्धांची असते. दोन्ही ओंजळी समोरासमोर जोडाव्यात आणि मध्ये क्रँकशाफ्ट धरावा, अशी तिची रचना. जोडावर कागद नाही, रबर नाही. लेपाचा पातळ हात तेवढा. म्हणून दोन्ही कडा आरशासारख्या सपाट पाहिजेत. शाफ्ट ज्या चार जागी फिरतो त्या जागा झिजल्या होत्या. त्या गावातील एका वृद्ध कारागिराने एका रेषेत पुन्हा कातून दिल्या. शाफ्टाने मागेपुढे किती हलावे यासही मर्यादा: मिलिमीटराच्या सात शतांशांहून कमी नको आणि तेरा शतांशांहून अधिक नको. ती मर्यादा केसासारख्या पातळ तीन चकत्यांनी साधावयाची. चिरंजीव चकत्या बदली, मोजी, पुन्हा बदली. आमच्या मनात येई, मुलांच्या उत्तरपत्रिका आम्ही कधी इतक्या निगुतीने तपासल्या होत्या काय?

आता आमच्या अपराधाकडे येतो.

श्रावण संपत आला होता. तीर्थरूपांची तिथी पितृपक्षातील सप्तमीची, आणि त्यापूर्वी घरी परतावयाचे म्हणून तिकिटे काढलेली. एंजिन सुरू झालेले पाहूनच जावे अशी आमची उतावीळ. एके रात्री पेटीचे दोन अर्ध जोडावयाचे होते. चार बेअरिंगांपैकी तीन अखंड कड्यांची असतात. पेटीत बारीक खुंट्या आहेत, त्यांवर कड्याचे भोक नेमके बसले पाहिजे. किंचित फिरवीत राहिले की टक असा आवाज येतो आणि कडे बसते. चिरंजीव शाफ्ट धरून होता. एक कडे फिरविण्याचे काम आमच्याकडे होते. टक असे काहीतरी ऐकू आल्यासारखे वाटले.

"बाबा, बसले का?"

"बसले असेल," आम्ही म्हणालो.

त्याने दुसरा अर्ध ठेविला आणि मोठे नट आवळावयास घेतले. प्रत्येक नटानंतर शाफ्ट हाताने फिरवून पाहावा असा नियम. तिसऱ्या नटानंतर तो फिरेना. चिरंजीवाच्या चेहऱ्यावरचा रंग पालटला. त्याने शब्द न बोलता नट सोडले, पेटी उघडली. आमचे कडे खुंटीवर बसले नव्हते. खुंटीने त्यास खोल खाच पाडली होती. पेटी वाचली होती, कडे गेले. त्या मापाचे नवे यावयास दोन आठवडे लागणार होते.

तो आम्हांस एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. त्याने हात धुतले, आमच्यासाठी चहा आणिला, आणि आम्ही दोघे त्या उघड्या पेटीपाशी बसलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "बाबा, एक विचारू? आजोबांच्या पोथ्या तुम्ही घाटावर सोडल्यात, तेव्हा त्या उघडून पाहिल्या होत्या का?"

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. १९९८ साली वाईचा वाडा सोडून आम्ही चार खोल्यांच्या जागेत राहावयास गेलो. माळ्यावर तीर्थरूपांच्या आणि त्यांच्याही आधीच्या पोथ्यांचे अकरा रुमाल होते. जागा नव्हती, वेळ नव्हता. वरच्या दोन रुमालांना कसर लागलेली दिसली. जीर्ण पोथ्या वाहत्या पाण्यास अर्पण कराव्यात ही रूढी आहेच; ती आमच्या सोयीची निघाली. चिरंजीव तेव्हा बारा वर्षांचा. कृष्णेच्या पायऱ्यांवर उभा राहून तो म्हणाला होता, "बाबा, यांतल्या काही चांगल्या असतील." आणि आम्ही म्हणालो होतो, "सगळ्या खराबच असतील."

आम्ही त्यास खरे ते सांगितले. "नाही. दोनच पाहिल्या. बाकीच्या नऊ रुमालांची गाठसुद्धा सोडली नाही."

तो म्हणाला, "मला तेव्हापासून वाटत होते." एवढेच. त्यात राग नव्हता. आणि म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले.

त्या रात्री झोप आली नाही. ज्या कुळात पाच पिढ्या ऱ्हस्व-दीर्घाची चूक पाप मानली, त्या कुळातील पोथ्या 'असेल' या एका शब्दाने बुडविल्या. आणि तोच शब्द आज या म्हाताऱ्या यंत्राच्या मुळावर येणार होता. वाळवी आणि गंज यांनी जेवढ्या जुन्या वस्तू खाल्ल्या, त्यांहून अधिक या 'असेल'ने खाल्ल्या आहेत असे आम्हांस वाटते. खराब असेल, निरुपयोगी असेल, कोणास कळत नसेल! वस्तू उघडून पाहण्याचे श्रम टाळण्यासाठी आपण हा अंदाज करतो, आणि पुढे तोच निर्णय म्हणून मिरवितो.

सकाळी आम्ही सौभाग्यवतींशी बोललो आणि जाण्याचा दिवस तिथीच्या अगदी अलीकडे ढकलला. नवे कडे आले. या वेळी टक आवाज ऐकूनही आम्ही ते पुन्हा उचलले, पुन्हा बसविले, आणि दिवा धरून पाहिले. "बसले," आम्ही म्हणालो. चिरंजीवाने स्वतः न पाहता नट हाती घेतला. हा विश्वास आम्हांस कोणत्याही पारितोषिकाहून मोठा वाटला. प्रत्येक नटानंतर शाफ्ट लोण्यासारखा फिरला.

पुढील कामे भराभर झाली. एंजिन प्रथम प्लग काढून नुसतेच फिरविले. तेलाचा दाब चढून हिरवा दिवा विझला, तेव्हा प्लग बसविले. आणि मग ते सुरू झाले! नव्या कॅमशाफ्टाच्या अंगवळणी पडावे म्हणून पहिली वीस मिनिटे ते मिनिटास सुमारे दोन हजार फेऱ्यांवर धरावे लागते. त्या वीस मिनिटांत कोणी बोलले नाही. ते थंड झाल्यावर झडपांची फट मिलिमीटराच्या एका दशांशाइतकी पुन्हा लावली. आता दोन कार्ब्युरेटर समान श्वास घेतात की नाही हे पाहावयाचे राहिले. चिरंजीव रबराची नळी एकदा या तोंडाशी, एकदा त्या तोंडाशी धरून कान लावी. दोन्ही सारखेच म्हणाला. आम्ही नळी मागितली. आयुष्यभर मुलांच्या पाठांतरातील लघु-गुरू ऐकलेला कान. डावीकडचा सुस्कारा अंमळ दीर्घ आणि खालच्या स्वरात होता. स्क्रू पाव वळसा फिरविल्यावर दोन्ही एका सुरात लागले, आणि एंजिनाची थरथर पाहता पाहता निवली. "बाबा, तुमच्या कानाला मान्य!" तो म्हणाला.

प्रस्थानाच्या दोन दिवस आधी आम्ही त्या वृद्ध गृहस्थास घेऊन निघालो. सान ह्वान कापिस्त्रानो गावापासून लेक एल्सिनोरकडे जाणारा ऑर्टेगा महामार्ग सांता आना पर्वतातून वळसे घेत चढतो. आपल्या पसरणीच्या घाटाची सहज आठवण व्हावी. पुढे चिरंजीव आणि ते गृहस्थ, मागे आम्ही. एंजिन आमच्या पाठीशीच. मूळचे एंजिन ज्या चढावर धापा टाकून दुसऱ्या गिअरवर येई, तेथे हे तिसऱ्यात गात गात चढले. चिरंजीवाचा एक डोळा उष्णतेच्या मापकावर. त्याने चढाच्या मध्यावर आपण होऊन वेग कमी केला. तिसऱ्या सिलिंडराचा मान राखिला.

माथ्यावर एका कडेस गाडी थांबविली. त्या गृहस्थांनी एंजिन बंद करावयास सांगितले आणि बराच वेळ थंड होणाऱ्या धातूची टिकटिक ऐकत बसले. मग म्हणाले, "बरे झाले, हे मला १९५९ साली परवडले नाही. परवडले असते तर इथल्याच एखाद्या वळणावर मी मेलो असतो." सारे हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले ते आम्ही मागून पाहिले.

तिथीस आम्ही वाईस होतो. पिंडदान झाले, ब्राह्मण जेवून गेले, आणि दुपारी आम्ही चुलतबंधूंकडे गेलो. आमच्या आजोबांच्या वाटणीतील दोन रुमाल त्यांच्या माळ्यावर आहेत असे चाळीस वर्षे ऐकून होतो. त्यांत काय असेल, म्हणून कधी पाहिले नव्हते. रुमाल खाली काढिले. एकाची गाठ सुटेना. ती कापू दिली नाही, तासभर बसून सोडविली. वरची पाने कसरीने चाळणी झालेली होती. खालची धडधाकट होती.

त्या पोथ्या मोलाच्या आहेत की सामान्य, हे आज सांगता येत नाही आणि त्याविषयी आम्ही अंदाजही करीत नाही. मऊ ब्रशाने एकेक पान झाडून, मोजून, त्यास चिठ्ठी लावीत आहो. काल रात्री चिरंजीवाने दूरध्वनीवर विचारले, "बाबा, दुसऱ्या रुमालात काय निघाले?"

"अजून तिथवर पोहोचलो नाही," आम्ही म्हणालो. "पाहून सांगतो."